आशाबाईनं परत ओढलेला गाडा

या, पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकून बसलात तर अर्धं ऐकू येईल आणि अर्ध्याचा उलटा अर्थ लागेल. एक आख्यान सांगते. बुवांसारखा गळा मला नाही. पण जन्मभर कीर्तनं ऐकली, त्यामुळं कुठं थांबायचं तेवढं कळतं. कीर्तनातलं आख्यान गोड होऊन संपतं, देव धावून येतो. हे तसं नाही. हे कडू आहे, आणि खरं म्हणून सांगते आहे. मी तिथं होते.

आम्ही सावरदरीचे. पातूरच्या खालच्या अंगाला डोंगराशी लागून आमचं गाव. आता गावात म्हातारे आणि कुलपं. बाकी सारे अमरावतीला. कोणाच्या पोराला क्लास लावायचा होता, कोणाला कचेरीत चिकटायचं होतं. एकानं प्लॉट घेतला की त्याच्या शेजारचा दुसऱ्यानं घेतला. असं करत शहराच्या कडेला एका लेआउटमध्ये निम्मी सावरदरी येऊन बसली. घरांना ग्रॅनाइट लागलं, दारात स्कूटी आल्या, पण भांडणं तीच राहिली आणि साथीची देवी मरीमायही तीच राहिली.

मरीमायला इथं आणलं ते आशाबाईनं. आशाबाई म्हणजे माझी शेजारीण, आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. नवरा गावाकडंच वारला. मुलगा विपुल, इथल्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. सून सीमा, दोन नाती. आशाबाईला आणि मला कीर्तनाचं वेड. कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेला आम्ही दोघी जायचोच. एका वर्षी बुवांनी रुक्मिणीहरण लावलं. रुक्मिणी अंबिकेच्या दर्शनाला येते, तिथूनच देव तिला रथात घेतात, रथ उधळतो. सारा मांडव टाळ्या पिटत होता. आशाबाई मात्र माझ्या कानाशी लागली.

"बाई, ते तं गेली रथात बसून. मांगं अंबिका एकटीच राह्यली न? तिले कोणी इचारलं का?"

मी म्हटलं, "देवीले कोण इचारते वं?"

"तेच तं," ती म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गावाहून निरोप आला. रस्ता रुंद होणार, शिवेवरचा लिंब पडणार, त्याखालचा मरीमायचा दगडही हलवायचा आहे, काय ते करा. लेआउटमधले पुरुष अजून बैठकीची वेळ ठरवत होते तोवर आशाबाई सकाळच्या एस.टी.नं गेली आणि संध्याकाळच्या एस.टी.नं आली. मांडीवर लुगड्यात गुंडाळलेला नारळाएवढा शेंदरी दगड. कंडक्टरनं विचारलं, "बाई, काय आहे?" तर म्हणाली, "माय आहे माई." त्यानं अर्धं तिकीट फाडायला उचललेला हात मुकाट मागं घेतला.

लेआउटच्या मोकळ्या जागेत कोपऱ्याला लिंबाचं झाड होतं. तिथं मरीमाय बसली. मंगळवारी दहीभात, पौषात यात्रा. नत्थुजी मंडळाचे अध्यक्ष झाले, कारण गावातही त्यांचंच घराणं पुढं असायचं.

आता गाडा काय असतो ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

जुन्या काळी गावात पटकी म्हणजे कॉलरा आला, देवीचा रोग आला, की मरीमायचा गाडा काढायचे. पोराच्या खेळण्याहून थोडा मोठा, लाकडी चाकांचा. त्यात लिंबाच्या लाकडाची बाहुली, हिरवं लुगडं, बांगड्या, दहीभात, दिवा. बायांनी ओवाळायचं आणि साथ त्या बाहुलीसोबत गावाबाहेर पाठवायची. गाडा शिवेपलीकडं सोडायचा, मागं वळून पाहायचं नाही. पुढच्या गावानं तो आपल्या शिवेवरून आणखी पुढं लोटायचा. आणि एकदा गेलेला गाडा परत आणायचा नाही. ज्या घरचं माणूस त्याला हात लावून परत आणेल, साथ त्याच घरात शिरते असं मानत.

गाडा ओढायचा कोणी? तर महारवाड्यानं. ते काम एका घरावर लादलेलं होतं, आणि गाव त्याला मान म्हणायचं. ओढणाऱ्याला परत गावात घेत नसत, कारण साथ त्याच्या अंगाला लागली. तो शिवेबाहेर झाडाखाली राहायचा आणि घरचं माणूस लांबच्या दगडावर भाकर ठेवून यायचं. एका पटकीच्या साली त्या घरचा थोरला मुलगा गाडा घेऊन गेला. पुढच्या गावानं काठ्या घेऊन शिवेवर अडवलं, आपल्या गावानं आत घेतलं नाही. दोन शिवांच्या मधल्या पडीकात तो मेला. त्याचा धाकटा भाऊ देवमन. छप्पन साली देवमन नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि गाड्याचा दोर त्यानं नत्थुजींच्या आजोबांच्या ओट्यावर आणून ठेवला. "आता आमी हे नाही करत," एवढंच म्हणाला. गावानं त्यांची विहीर बंद केली, मजुरी बंद केली, पण दोर काही त्यानं परत उचलला नाही. तेव्हापासून गाडा निघालाच नाही.

गाडा राहिला नत्थुजींच्या घरी. अमरावतीला बंगला बांधल्यावर त्यांच्या सुनेनं तो पॉलिश करून दिवाणखान्यात ठेवला, वर मनीप्लांटची कुंडी. येणारे-जाणारे म्हणायचे, "अँटिक आहे वाटते."

त्या देवमनचा मुलगा देवराव. एस.टी.त होता, वाहक म्हणून रिटायर झाला. त्याची बायको केशरबाई. आमच्या लेआउटच्या पुढून डीपी रोड जातो, त्याच्या पलीकडच्या वस्तीत पहिलंच घर त्यांचं. तिकडं बुद्धविहार आहे, सारे नोकरदार. आशाबाई आणि केशरबाई एकाच वर्षी सावरदरीत लग्न होऊन आल्या. दोघींनी एकाच ओळीत वर्षानुवर्षं कापूस वेचला, एकीनं दुसरीची पोरं सांभाळली. देवाच्या गोष्टी त्यांच्यात होत नसत. आशाबाई मंगळवारचा दहीभात तिला कधी द्यायची नाही, "तुमच्यात चालत नाही न वं," म्हणायची. मग घरचा वेगळा भात नेऊन द्यायची. केशरबाई हसायची, "तांदूळ तोच, दही तेच, तू मात्र हुशार."

हे सगळं असं चाललं होतं. मग ती साथ आली.

पहिलं वर्ष आमच्याकडं कसंबसं निभावलं. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीतच अमरावती पुन्हा बंद पडली. राज्यात इतर ठिकाणी लग्नं लागत होती आणि आमच्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्सशिवाय काही फिरत नव्हतं. लेआउटमधली दोन माणसं गेली. आणि विपुलला दाखल केलं.

सरकारी कोविड वॉर्डात केशरबाईची पोरगी दीक्षा नर्स होती. आत कोणाला सोडत नसत. दीक्षाच रोज संध्याकाळी त्या प्लॅस्टिकच्या पोशाखातून आशाबाईला व्हिडिओ कॉल लावायची. "मावशी, हा पाहा, आज दोन घास खाल्ले यानं." विपुलच्या तोंडावर मास्क, डोळे तेवढे दिसायचे. आशाबाई मोबाइल कपाळाला लावायची आणि पोरीला म्हणायची, "दीक्षा, त्याचं तोंड पुसत जा वं माय. त्याले लहानपणापासून तोंड ओलं राह्यलेलं आवडत नाही."

मग एक दिवस कॉल आला, त्यात दीक्षा हसली नाही.

त्याच दिवशी नत्थुजींनी समाजमंदिरात बैठक घेतली. खिडक्या बंद, कारण बाहेर पोलिसांची गाडी फिरत होती. मास्क सगळ्यांचे हनुवटीवर. नत्थुजी म्हणाले, "डॉक्टर हात वर करून राह्यले. आपल्या गावानं अशा टायमाले काय केलं होतं? गाडा काढला होता. मरीमायले आपण अठी आणलं, तिचा गाडा काहून नाही काढला? म्हणून हे."

लोकांनी माना हलवल्या. घाबरलेला माणूस कशालाही मान हलवतो. आशाबाई तर उठून उभीच राहिली. "मी बाहुली बनवतो," म्हणाली. तिचा पोरगा तिकडं श्वास मोजत होता, ती काय म्हणणार होती?

"पण ओढन कोण?" मागून कोणीतरी विचारलं.

आतापर्यंत जे पुढं सरकून बसले होते ते मोबाइल पाहू लागले. एकजण म्हणाला, "मले बीपी आहे बाप्पा." दुसरा म्हणाला, "माया घरी लहान लेकरू आहे."

नत्थुजी घसा खाकरून म्हणाले, "ज्यायचा मान आहे त्यायले देऊ. देवराव पलीकडंच राह्यते."

पुढचं मला नंतर केशरबाईनं सांगितलं. नत्थुजी आणि त्यांचा पुतण्या गोवर्धन देवरावच्या फाटकाशी गेले. देवरावनं फाटकाबाहेर खुर्च्या टाकल्या, चहा दिला. नत्थुजींनी बरीच प्रस्तावना केली, गाव, जुने दिवस, दोन्ही घराण्यांचा जिव्हाळा. मग म्हणाले, "तुमच्या घराण्याचा मान आहे देवराव. आमी हक्कानं आलो."

देवराव म्हणाला, "मान का? मंग माया मोठ्या बापाले, बाबाच्या थोरल्या भावाले, घेऊन या परत. तो तोच मान घ्यायले गेला होता."

"जुनं कायले काढता? आता तसं काही मनात नाही कोणाच्या. एका गावचे आहोत आपण."

"एका गावचे म्हणून चहा पाजला. दोराची गोष्ट काढली न नत्थुजी, तं कप खाली ठेवा अन् उठा."

"पाह्य देवराव, विपुल तुयाच पोरीच्या वॉर्डात आहे. त्याच्यासाठी तरी..."

"त्याच्यासाठी पोरगी रोज बारा बारा तास उभी आहे," देवराव म्हणाला. "आमच्या घरून तेवढंच मिळन."

नत्थुजी परत आले आणि लेआउटमध्ये सांगितलं, "देवरावले अहंकार झाला." रात्री लिंबाखाली मरीमायसमोर पुन्हा बैठक झाली, त्यात ठरलं असं, की गोवर्धननं हातमोजे घालून, लांब बांबूनं गाडा ढकलत न्यायचा आणि नाल्यापाशी शीव मानून सोडून यायचा. नाला आमच्या लेआउटच्या मागं, पलीकडं नुसती पडीक जमीन.

आशाबाईनं बाहुली केली. लिंबाची फांदी स्वतः तासली. हळद लावली. हिरवं कापड घरात नव्हतं, दुकानं बंद, म्हणून पेटीतलं लग्नातलं लुगडं काढलं आणि त्याचा काठ कापला. त्या काठावर राघू होते. मी म्हटलं, "आशाबाई, हे कापू नका." ती म्हणाली, "हे नाही देऊ तं काय देऊ?" बाहुलीच्या हातात तिनं आपल्या बांगड्या चढवल्या. पहाटे ओवाळलं. हात जोडून म्हणाली, "माय, माया पोराले सोड. जाय आता, सुखानं जाय." गाडा कुरकुरत निघाला. मनीप्लांटच्या कुंडीचा गोल डाग त्याच्या फळीवर अजून दिसत होता.

गोवर्धन परत आला, बाहेर नळावर आंघोळ केली. कोणी मागं वळून पाहिलं नाही. नियमच तसा.

उन्हं वर आली आणि आशाबाईचा फोन वाजला. केशरबाई. मी भिंतीपलीकडंच होते, आशाबाईनं स्पीकर लावला होता, तिला तसंच ऐकू येई.

"आशा, तुया लुगड्यावर राघू होते न वं?"

"हाव. काहून?"

"काही नाही. माया फाटकाशी उभे आहेत."

फोन ठेवला तिनं. आशाबाई जिन्याच्या पायरीवर बसली. मग उठून गोवर्धनच्या घरी गेली. तो दारात यायला तयार नव्हता. खिडकीतून म्हणाला, "मावशी, मी नाल्यापाशीच नेत होतो. काका म्हणले, तिकडं काहून, तठी ठेव. मान त्यायचाच आहे, त्यायच्या दारात जाऊ दे."

आशाबाई तशीच निघाली. पायात चपला नाहीत. मी मास्क शोधत मागं धावले.

डीपी रोड ओलांडला. तिकडं गर्दी होती. देवरावच्या फाटकासमोर गाडा उभा, दिवा विझलेला, दहीभात कुत्र्यानं खाल्लेला. वस्तीतला अश्विन मोबाइलवर शूटिंग करत होता. त्याच्या शेजारची प्रतीक्षा म्हणून पोरगी, वकिलीचं शिकते, तावातावानं बोलत होती, "काका, एफआयआर करू. हे सरळ सरळ..." देवराव ओट्यावर वर्तमानपत्र उघडून बसला होता, पण पान उलटत नव्हता. घरात दीक्षा रात्रपाळी करून झोपली होती. केशरबाई फाटक धरून उभी होती.

आशाबाई दोन हात अंतरावर थांबली.

"तूच बनवली न?" केशरबाईनं विचारलं.

"हाव."

"मंग तूच ठेवली."

"ठेवली नाही वं. मले नाला सांगतला होता."

"अन् नाल्यावर कोणी राह्यत असतं तं?"

हा प्रश्न आमच्या बैठकीत कोणी काढलाच नव्हता. खरं सांगते, मीही काढला नव्हता.

केशरबाई म्हणाली, "आशा, या लाकडाचं भेव आमाले नाही. माई पोरगी रोज त्या बिमारीत उभी राह्यते, तुया पोराचं तोंड पुसते. पण सकाळी फाटक उघडलं अन् तुया हातचा टाका ओळखू आला. मले वाटलं, आशाले बी अखेरीस आमीच सापडलो."

देवराव ओट्यावरून उठला. "राहू दे केशर. बाई, तुमी घरी जा. घंटागाडी येते आता, तिच्यात टाकून देऊ."

"नाही जी," आशाबाई म्हणाली. "मी नेतो."

"कुठं नेता?"

"परत."

देवराव फाटकाबाहेर आला. आवाज खाली करून म्हणाला, "बाई, मी हे काही मानत नाही. पण तुमी मानता. तुमच्या हिशेबानं गाडा परत नेला तं कोणावर येते, मालूम आहे न?"

"मालूम आहे."

"पोरगा दवाखान्यात आहे तुमचा."

"म्हणून का तुमच्या दारात ठेवू?" आशाबाई म्हणाली आणि वाकून दोर उचलला. उघड्या हातानं. मोजे नाहीत, बांबू नाही. अश्विननं मोबाइल खाली केला.

लोक म्हणतील, एका लाकडाच्या खेळण्याचं काय एवढं. त्यांना मी सांगते, तिच्यासाठी ते खेळणं नव्हतं. विपुलचा जीव ती स्वतःच्या हातानं ओढत आणत होती, असंच तिला वाटत होतं. देवळात नवस फेडताना जेवढा विश्वास असतो तेवढ्याच विश्वासानं. तरी तिनं ओढला. मी कितीतरी कथांतून थोर थोर भक्तांची परीक्षा ऐकली आहे. तिथं शेवटी देव प्रगट होतो. डीपी रोडवर त्या सकाळी कोणीच प्रगट झालं नाही. एक दुधाची गाडी हॉर्न वाजवत बाजूनं गेली.

आमच्या लेआउटच्या तोंडाशी साथीमुळं लोखंडी पाइप आडवा लावलेला. त्यामागं नत्थुजी आणि दहा-बारा माणसं.

"आशाबाई, तठीच थांबा. गाडा सोडा, आंघोळ करा, मंग आत या."

"तठी म्हणजे कुठं सोडू नत्थुजी? मांगं देवरावचं घर आहे."

"रोडवर सोडा न."

"रोडवरून कोणाच्या दारात जाईन?"

"तुमाले काय करा लागते? जिकडं जाईन तिकडं जाईन! तुमी पोराचा विचार करा."

"त्याचाच करून राह्यलो," आशाबाई म्हणाली. "अन् तुमी रातच्या बैठकीत नाला म्हणले होते. लिंबाखाली माय बसली आहे, तिच्यासमोर म्हणले होते."

नत्थुजी तिच्याकडं न पाहता बाकीच्यांना म्हणाले, "पाइप काढू नका रे."

तेवढ्यात गच्चीवरून सीमाचा आवाज आला. सून चांगली आहे, आजही तिला मी वाईट म्हणत नाही. ती कठड्याला धरून ओरडत होती, "आई, सोडा न तो गाडा! पाया पडतो तुमच्या. माया पोरींचा बाप आहे तो!"

आशाबाईनं मान वर केली. दोराची गाठ मुठीत इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली. मग ती वळली. पाइपाच्या आत नाही, रोडच्या पलीकडंही नाही. पाइप आणि रोड यांच्या मधे एका बिल्डरचा अर्धवट प्लॉट आहे, विटांचे चार थर आणि वर पत्रा. तिथं तिनं गाडा नेला आणि त्याच्याजवळ बसली.

तिथंच राहिली ती. मी डबा नेत असे. नत्थुजींनी मला बजावलं होतं, जवळ जायचं नाही, नाहीतर तुम्हालाही आत घेणार नाही. मग मी डबा एका दगडावर ठेवी आणि मागं सरे. तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करते आहे, कोणाच्या घरची बाई कोणासाठी असं करायची. मग मी डबा उचलला आणि तिच्यापाशी जाऊन बसले. दुसऱ्या बाजूनं केशरबाई चहाची किटली घेऊन आली. गाड्याकडं तिनं पाहिलंही नाही. म्हणाली, "पत्र्याखाली ऊन लागते वं. माया ओट्यावर चाल."

"मी गाड्याले सोडून नाही येत, अन् गाडा तुया दारात नाही आणत," आशाबाई म्हणाली. "बस थोडी. कापसाच्या गोष्टी सांग."

दोघी कापसाच्या गोष्टी करत बसल्या. कोणत्या शेतात साप निघाला होता, कोणाची ओटी फाटून सगळा कापूस वाऱ्यावर गेला होता. हसत होत्या बाप्पा. मी ऐकत होते.

आणि विपुलचा ऑक्सिजन चढू लागला. दीक्षानं धावत फोन केला. आशाबाईनं तो निरोप ऐकला, गाड्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मंग कोणावर आलं असन?" आनंदसुद्धा तिला नीट घेता आला नाही.

आलं होतं आधीच. बंद खिडक्यांच्या त्या बैठकीतून आलं होतं. गोवर्धनला ताप चढला होता तो आशाबाईनं गाडा परत आणायच्या आदल्या रात्रीच, काकाच्या भीतीनं त्यानं सांगितलं नाही इतकंच. त्याच्या मागोमाग लेआउटमध्ये घराघरांत माणसं पडली. आशाबाईलाही ताप आला. दीक्षानंच ॲम्ब्युलन्स पाठवली. विपुल दवाखान्याच्या एका दारानं बाहेर आला त्याच दिवशी आई दुसऱ्या दारानं आत गेली. त्याला सांगितलं नव्हतं.

शेवटी दीक्षा तिच्याजवळ होती. तिनं मला सांगितलं, मावशी मास्क बाजूला करून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "गाडा तुमच्या दारातून हलला न वं?" दीक्षा म्हणे, "हलला मावशी. कधीचाच हलला." तेवढं ऐकायच्या आणि डोळे मिटायच्या. पुन्हा उघडून तेच. मग एकदा विचारलं नाही.

प्लॉटमधला गाडा घंटागाडीनं नेला. मी गच्चीवरून पाहिला. गाडीचं गाणं चालू होतं आणि कामगारानं बाहुलीसकट उचलून तो ओल्या कचऱ्यावर टाकला. राघूंचा काठ थोडा बाहेर लोंबत होता.

आता लिंबाखाली संगमरवरी मंदिर आहे. दगडावर चांदीचा मुखवटा आला. गाभाऱ्याबाहेर काचेच्या पेटीत एक गाडा ठेवला आहे, पितळी चाकांचा, नवा, अकोल्याच्या सुताराकडून करून आणलेला. खाली पाटी: साथीच्या काळात लेआउटचं रक्षण करणारा गाडा. पौषातल्या यात्रेला बाहेरून कीर्तनकार बोलावतात. नत्थुजी त्यांना आधी बसवून कथा सांगतात आणि बुवा ती रंगवतात, की भक्तांनी गाडा काढला, आणि एका बाईनं हट्टानं तो परत आणला म्हणून आईचा कोप झाला, ती बाई गेली, पण गाव वाचलं. लोक टाळ्या वाजवतात. गेल्या पौषात मी त्या मांडवातून उठून आले. कीर्तन अर्धं टाकून उठायची माझी आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

विपुल त्या कीर्तनाला जात नाही. तो म्हणतो, "मावशी, आई अडाणी होती हो. एका लाकडापायी उन्हात बसली." क्लासच्या पोरांनाही उदाहरण म्हणून सांगतो म्हणे, अंधश्रद्धेनं माणूस कसा मरतो ते. इकडं कोप, तिकडं अडाणीपणा. मधे ती बसलेली आहे, तशीच.

मी मरीमायला अजून हात जोडते. मंगळवारी दहीभातही करते. पण काचेच्या पेटीसमोर उभी राहत नाही. मला पक्कं ठाऊक आहे, माय त्या दिवशी लिंबाखाली नव्हती. ती पत्र्याखाली विटांवर बसून कापसाच्या गोष्टी ऐकत होती.

झालं माझं आख्यान. आरती नाही, प्रसाद नाही, तबकही फिरवायचं नाही. एक मागते, तेवढं द्या. त्या रस्त्यानं कधी गेलात, मंदिराचा भोंगा ऐकू आला, तर लेआउट आणि रोड यांच्या मधल्या त्या अर्ध्या भिंतींकडं एकदा पाहा. आणि आशाबाईला आठवा. मोठ्यानं नाव घेतलंत तर बरं. पलीकडच्या फाटकाशी केशरबाई बसलेली असते, तिच्या कानावर पडेल.